माणसे घटली, मग रान कोणी तोडले?

पर्यावरणावरच्या मराठी लेखनात एक वाक्य इतक्या वेळा येऊन गेले आहे की आता त्यापाशी कोणी थांबत नाही. वाढत्या लोकसंख्येमुळे जंगलांवर ताण आला आणि जंगले घटली, असे ते वाक्य. शाळेतल्या निबंधात ते असते, सरकारी आराखड्याच्या प्रस्तावनेत असते, वनमहोत्सवाच्या भाषणात असते आणि ज्यांना जंगलाविषयी खरी कळकळ आहे अशा अभ्यासकांच्या पुस्तकांतही असते. ते खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. पण जे वाक्य सगळीकडे चालते ते एखाद्या ठिकाणी नीट लावून पाहिले पाहिजे. मी ते सिंधुदुर्ग जिल्ह्याला लावून पाहिले आहे.

सिंधुदुर्ग यासाठी की इथले आकडे उलटे गेले आहेत. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत ८,३२,१५२ होती. २००१ मध्ये ती ८,६८,८२५ झाली आणि २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली. दहा वर्षांत १९,१७४ माणसे कमी. वीस वर्षांचा हिशेब धरला तरी वाढ जेमतेम दोन टक्के, आणि त्याच वीस वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या ७.८९ कोटींवरून ११.२४ कोटींवर, म्हणजे बेचाळीस टक्क्यांनी वाढली. शेजारच्या रत्नागिरीतही २००१ ते २०११ या काळात माणसे कमीच झाली. २०११ मध्ये महाराष्ट्रात एका चौरस किलोमीटरमागे ३६५ माणसे होती, सिंधुदुर्गात १६३.

मुळातले वाक्य खरे असेल तर या काळात सिंधुदुर्गातल्या जंगलाने सुटकेचा श्वास घ्यायला हवा होता. प्रत्यक्षात सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या वृक्षतोडीचा प्रश्न याच काळात मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि २०१३ मध्ये न्यायालयाला तिथल्या तोडीवर बंदी घालावी लागली. माणसे कमी होत असताना रान कोणी तोडले, हा माझा प्रश्न आहे.

वाक्याचा वंश

हे वाक्य आपल्याकडे कसे आले, ते आधी पाहू. माल्थसचा निबंध १७९८ चा. त्यात मुख्य चिंता अन्नाची होती. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी, १९६८ मध्ये, पॉल एर्लिख यांचे लोकसंख्येच्या स्फोटावरचे पुस्तक आले आणि तीच चिंता अन्नावरून निसर्गावर आली. पुढे एर्लिख आणि जॉन होल्ड्रन यांच्या मांडणीतून एक सूत्र रूढ झाले: निसर्गावरचा परिणाम म्हणजे लोकसंख्या, दरडोई उपभोग आणि तंत्रज्ञान यांचा गुणाकार. सूत्रात तीन घटक होते. आपल्या निबंधांत आणि भाषणांत मात्र पहिलाच उरला.

भारतात या विचाराला १९७६ या वर्षी राज्यघटनेचेच दार उघडले. त्या वर्षीच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ‘वने’ हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत नेला, आणि त्याच दुरुस्तीने ‘लोकसंख्या नियंत्रण व कुटुंबनियोजन’ ही नोंदही त्या सूचीत घातली. दोन विषय एकाच कागदावरून शेजारी येऊन बसले. राष्ट्रीय लोकसंख्या धोरणही त्याच वर्षीचे आणि राष्ट्रीय कृषी आयोगाचा अहवालही त्याच वर्षीचा. या आयोगाने सामाजिक वनीकरणाची शिफारस केली. गावकऱ्यांचे सरपण आणि चारा गावाजवळच्या पडीक जमिनीवर पिकवावा आणि राखीव जंगल उद्योगांच्या लाकडासाठी मोकळे राहावे, असा त्यामागचा विचार होता. म्हणजे जंगलावरचा ताण कोणाचा, याचे उत्तर आधीच ठरले होते. चुलीला लाकूड लागणारा माणूस हा ताण. कागदाच्या गिरणीला लाकूड लागते ती गरज.

जगातल्या अभ्यासकांनी हे वाक्य पुष्कळदा तपासले आहे. डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी १९६५ मध्येच मांडले होते की माणसे वाढली की शेतीची पद्धत बदलते आणि जमिनीची निगा अधिक नेटाने घेतली जाते. केनियातल्या माचाकोस जिल्ह्याचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे १९३० च्या दशकापासून साठ वर्षांत लोकसंख्या पाचपटींहून जास्त वाढली, तरी धूप कमी झाली आणि शेतकऱ्यांनी लावलेली झाडे वाढली. गिनीमध्ये जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच यांना याहून वेगळी गोष्ट सापडली. गावांभोवतीची जंगलाची बेटे ही तोडीतून उरलेली आहेत असे सरकारी अधिकारी पिढ्यान्‌पिढ्या समजत होते, पण त्यांतली कित्येक गावकऱ्यांनीच वाढवलेली होती.

ही उदाहरणे सांगून आपले काम संपत नाही. केनियाचे खरे ते कोकणाचे खरे, असे म्हणणे म्हणजे एक सरसकट वाक्य काढून दुसरे बसवणे झाले. म्हणून इथलाच इतिहास पाहावा लागतो.

गरज होती तेव्हा

एके काळी हे वाक्य कोकणपट्टीला बऱ्यापैकी लागू होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० चा. तो वाचताना समोर येणारा किनारा उघड्या सड्यांचा आणि विरळ झाडीचा आहे. दाट रान सह्याद्रीच्या पायथ्याला आणि उतारांवर. आजचे मालवण आणि देवगड तेव्हा इंग्रजी अमलाखालच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते, आणि सावंतवाडीला १९४८ पर्यंत संस्थानाचा कारभार होता. दोन्हीकडच्या जंगलांचा इतिहास म्हणून वेगळा आहे. पण शेतीची रीत सारखी होती, आणि ती रीत रानावरच उभी होती.

भाताचा तरवा काढायचा तर दाढ भाजावी लागे. भाजावळीला कवळ लागे, पातेरा लागे, शेण लागे. ऐन-किंजळीच्या फांद्या तोडून, वाळवून, भारे बांधून ते दाढीवर पसरायचे आणि पावसाच्या तोंडावर पेटवायचे. भरडावर नाचणी, वरी, हरीक. ही वरकस जमीन दोन-तीन वर्षे पिकवून पुढे काही वर्षे पड टाकावी लागे. चुलीला लाकूडफाटा, गोठ्यात अंथरायला पाला, छपराला वासे, होडीला लाकूड. कुटुंबे वाढली तशी वरकसाची पड टाकण्याची वर्षे कमी झाली असणार आणि कवळ तोडायला अधिक लांब जावे लागले असणार. इथपर्यंत माल्थसचे म्हणणे टिकते.

पण या तोडीचे दोन गुण लक्षात घेतले पाहिजेत. पहिला गुण म्हणजे ती फांद्यांची तोड होती. कवळ काढलेले ऐनाचे झाड बोडके दिसते, पण पावसाळ्यात त्याला फुटवा येतो. पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे जायचे असल्यामुळे त्याचे खोड जपावे लागे. ज्याची ज्या डोंगराकडे दरवर्षीची खेप ठरलेली, तो त्या डोंगराचे मूळ उपटत नाही. दुसरा गुण असा की या गरजेबरोबर राखणही होती. गावाची देवराई, तिच्यातली तळी आणि झरे, व्हाळाच्या काठची झाडी, कबुलायतदार गावकर पद्धतीने सामाईक धरलेली आंबोली-चौकुळ-गेळेसारख्या गावांची जमीन, या सगळ्याला नियम होते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिले तेव्हा त्यांतली मोठी झाडे, वेली आणि दुर्मिळ जाती अभ्यासकांच्या नजरेत भरल्या. त्या देवराया दाट वस्तीच्या गावांना लागूनच टिकल्या होत्या. माणसांपासून दूर असल्यामुळे त्या वाचल्या असे म्हणता येत नाही.

हे सगळे सोन्याचे दिवस होते असेही नाही. देवराईचे नियम कोणी केले आणि कोणाला पाळावे लागले, यात जातीचा आणि मानपानाचा भाग होताच. कवळाचे भारे बहुतेक बायकांच्या डोक्यावरून आले. मला एवढेच म्हणायचे आहे की तेव्हाच्या गरजवंताला रान उद्याही लागणार होते.

आणखी एक गोष्ट. कोकणातल्या बंदरांतून सरपण आणि इमारती लाकूड गलबतांनी मुंबईला जात असे. त्या काळातही कोकणच्या रानावरचा ताण मोजायला कोकणातली डोकी पुरत नव्हती. मुंबईतल्या चुलीही मोजायला हव्या होत्या. लोकसंख्येचे वाक्य उच्चारताना कुठली लोकसंख्या, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

गरज गेली तेव्हा

माणसे जायला लागली ती गिरण्यांच्या काळापासून. मुंबईच्या गिरण्या, गोदी, पोलीस, लष्कर. घरी बायका, म्हातारी माणसे, मनीऑर्डर. जनगणनेत हे स्पष्ट दिसते. २००१ मध्ये सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०७९ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये १,०३६. हा आकडा कौतुकाने सांगितला जातो, पण त्यातले बरेचसे कौतुक गैरहजर पुरुषांमुळे आहे. पुरुष गेले, मग मुले शिकायला गेली, मग सुनाही मुंबईला गेल्या.

याचा रानावर काय परिणाम झाला? आधी चांगला झाला. नांगराला गडी मिळेना, म्हणून वरकस पहिली सुटली. रासायनिक खत आले, भाजावळ कमी झाली, कवळाची गरज उरली नाही. गॅस आला, आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर तो गरिबाघरीही पोचला. भरडाच्या जमिनींवर आधी करवंद, कुडा, रानमोडी, मग ऐन, किंजळ, जांभूळ असे पुन्हा उभे राहिले. गडग्यांच्या आतही रान शिरले. ज्या सड्यावर आजोबांनी नाचणी केली तिथे नातवाला वाट सापडत नाही. जनावरेही परत आली. गवे, डुक्कर आणि माकडे यांच्याविषयी आज जिल्ह्यातला प्रत्येक शेतकरी बोलतो, आणि २००२ च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्गात हत्ती उतरले ते पुढे येतच राहिले. तिळारीच्या खोऱ्यातल्या जंगलाला २०२० मध्ये राज्य सरकारने संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला; क्षेत्र २९.५३ चौरस किलोमीटर.

एवढ्यावर लेख थांबवला असता तर माणसे घटली आणि रान वाढले असे मूळ वाक्याचे उलटे रूप सिद्ध झाले असते. पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग इथूनच सुरू होतो. परत उभे राहिलेले हे रान कोणाचे आहे?

सातबारावरचे रान

सिंधुदुर्गाचे वेगळेपण इथे आहे. विदर्भात जंगल म्हटले की वनखात्याची जमीन डोळ्यांपुढे येते. इथे सरकारी जंगल त्या मानाने थोडे; हिरव्या डोंगराचा मोठा भाग लोकांच्या सातबारावर आहे. त्या सातबारावर तीन पिढ्यांची नावे सामाईक असतात. आजोबा वारले, त्यांच्या चार मुलांची नावे लागली, मग त्यांच्या मुलांची आणि मुलींची. एका गटाला तीस-चाळीस खातेदार. त्यातले गावात दोन. बाकीचे परळ, डोंबिवली, पुणे, कोणी दुबई.

गावात राहणाऱ्या दोघांना त्या डोंगराची काही ना काही गरज आहे. त्याच्या पायथ्याशी त्यांची विहीर आहे, गुरे चरायला तिकडेच जातात, वाऱ्याने पडलेले लाकूड अजूनही न्हाणीच्या चुलीला लागते. डोंबिवलीतल्या खातेदाराला त्यातले काहीच लागत नाही. त्याला त्या डोंगराचा एकच उपयोग उरला आहे, तो म्हणजे त्याची किंमत. यात त्याचा दोष नाही. मुलीचे शिक्षण, घराचा हप्ता, आजारपण या गरजा खऱ्या आहेत. न पाहिलेल्या डोंगराच्या हिश्श्याचे पैसे कोणी घरपोच देत असेल तर तो का नाकारील? पूर्वी त्याच्या आजोबांची गरज रान उभे असताना भागत होती. त्याची गरज रान विकल्यावरच भागते.

व्यवहार कसा होतो ते जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. मध्यस्थ सगळ्या हिस्सेदारांचा पत्ता काढतो, मुखत्यारपत्रे घेतो, आणि डोंगराचा उक्ता सौदा होतो. पुष्कळदा आधी उभी झाडे विकली जातात. तोडीला १९६४ चा झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा आहे, परवानगी आहे, वाहतुकीचा पास आहे, आणि या प्रत्येक पायरीला वळसाही आहे. लाकडाचे ट्रक घाट चढून जातात. मग जेसीबी येतो. इथे जुन्या आणि नव्या तोडीतला फरक पाहण्यासारखा आहे. कोयता फांदी काढतो, कुऱ्हाड खोड काढते, तरी बुंधा जमिनीत राहतो आणि त्याला फुटवा येतो. जेसीबी बुंधा मुळासकट काढतो आणि उतार सपाट करतो. दोनशे माणसांचे गाव कवळ तोडून पन्नास वर्षांत जे करू शकले नसते ते एक यंत्र आणि एक चालक आठवड्यात करतात. सूत्रातला लोकसंख्येचा घटक इथे जवळजवळ शून्य आहे आणि परिणाम पुरेपूर आहे.

मोकळ्या झालेल्या डोंगरावर काय येते? दोडामार्ग आणि सावंतवाडीत रबर, अननस, केळी. केरळमधून आलेल्या बागायतदारांनी ही लागवड आणली आणि इथल्याच माणसांनी त्यांना जमिनी दिल्या. इतरत्र काजू आणि हापूस. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून काजूच्या सुधारित जाती मिळाल्या, आणि पड जमीन उत्पन्न देऊ लागली. त्या योजनेने कित्येक कुटुंबे गावात राहिली, हे विसरून चालणार नाही. पण एकाच जातीची कलमे ओळीत लावलेला डोंगर आणि ऐन-किंजळ-जांभळाचा डोंगर पाणी सारखे धरत नाहीत, हे उन्हाळ्यात खालच्या विहिरीवर कळते. काही ठिकाणी डोंगराखालचे खनिज हवे असते. दोडामार्गातल्या कळणे गावच्या लोहखनिजाच्या खाणीचा वाद जिल्ह्याला नवा नाही. २०१० मध्ये केंद्राने रत्नागिरी-सिंधुदुर्गात नव्या खाणींच्या पर्यावरण परवानग्या थांबवल्या, त्या काही इथल्या माणसांची संख्या वाढली म्हणून नव्हे. किनाऱ्याच्या बाजूला चिऱ्याच्या खाणी सडा कापत आहेत. २०२१ मध्ये चिपीचा आणि पुढच्या वर्षी पलीकडे गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून डोंगराची किंमत त्यावर काय उगवते यावर ठरत नाही.

कायद्यानेही या ओढीला नकळत हात दिला. महाराष्ट्राचा खासगी वने संपादन कायदा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झाला आणि खासगी वन ठरलेल्या जमिनी सरकारजमा झाल्या. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात जंगल या शब्दाचा कोशातला अर्थ धरला, मालकी कोणाचीही असो. त्यानंतर आपल्या जिल्ह्यात ‘वनसंज्ञा’ हा शब्द घरोघरी गेला. या आदेशांमागचा हेतू जंगल वाचवण्याचा होता आणि काही जंगल त्यांनी वाचवलेही. पण शेतकऱ्याने त्यातून एक धडा घेतला. जमिनीवर झाड वाढू दिले तर उद्या जमिनीवर शिक्का बसेल. तेव्हा भरड मोकळे ठेवलेले बरे. आपोआप परत येणारे रान ही मालकाला जोखीम वाटू लागली. हे कुठल्याही जनगणनेतून कळणार नाही.

उपग्रहाला काय दिसते

यावर कोणी म्हणेल की सरकारी अहवालांत तर सिंधुदुर्ग हिरवागार आहे. खरे आहे. भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून ठरावीक अंतराने वनस्थितीचा अहवाल काढते. त्यांच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या क्षेत्रावर झाडांच्या माथ्यांची सावली दहा टक्के किंवा अधिक आहे ते सगळे वनाच्छादन, मालकी आणि वापर काहीही असो. म्हणजे हापूसची बाग वनाच्छादन, काजूचा मळा वनाच्छादन, रबराची लागवड मोठी झाली की तीही वनाच्छादन. ऐनाचे रान जाऊन काजू आला तर दोन-चार वर्षांचा खळगा पडतो आणि मग नकाशा पुन्हा हिरवा होतो. देशभराचा आढावा घ्यायला ही व्याख्या सोयीची असेल. आपल्या जिल्ह्यात मात्र ती नेमकी घडलेली गोष्ट झाकते.

माणसे मोजण्याचेही तसेच. जनगणना मार्चच्या आरंभीची माणसे मोजते. गणपतीला गावागावांत उतरणारे चाकरमानी, मे महिन्यात तारकर्ली-देवबागच्या वाळूवर येणारे पर्यटक, यांची गणती सिंधुदुर्गात होत नाही. वर्षातून पंधरा दिवस उघडणारे घर चिरा तेवढाच खाते, वासे तेवढेच खाते. जियांगुओ लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले होते की जैवविविधतेने समृद्ध प्रदेशांत लोकसंख्या मंदावली किंवा घटली तरी घरांची संख्या वाढतच जाते, आणि जमीन, लाकूड, पाणी यांचा वापर डोक्यांपेक्षा घरांबरोबर अधिक चालतो. आपल्या वाड्यांवरची बंद दारांची नवी घरे पाहिली की हे पटायला वेळ लागत नाही.

किनाऱ्यावरच्या कांदळवनाची गोष्ट याला पूरक आहे. २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवनाच्या तोडीला बंदी आली, २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या खाड्यांत कांदळ दाखवण्यातून, खेकडे-कालवे पाळण्यातून काही लोकांचे पोट चालू लागले. तिथे जवळच्या माणसाला कांदळ उभे असण्याची पुन्हा गरज निर्माण झाली. खाडीकाठची वस्ती कमी करून हे साधलेले नाही.

आक्षेप

या मांडणीवर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. रबर कोणासाठी लागते? लोखंड, काजू, आंबा, लाकूड कोणासाठी? शेवटी माणसांसाठीच. सिंधुदुर्गातली माणसे घटली तरी मुंबईतली, देशातली, जगातली वाढलीच. मग मूळ वाक्य फक्त मोठ्या नकाशावर खरे ठरते, एवढाच अर्थ नाही का?

अंशतः आहे. एकूण माणसे किती, याला एकूण मागणीत महत्त्व आहेच. पण ठाण्यातल्या झोपडीतले पाच जण आणि दोन मोटारी बाळगणारे दोघे यांचे ओझे सारखे नाही. एर्लिख आणि होल्ड्रन यांच्या सूत्रातही ते सारखे नव्हते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे वाक्य मोठ्या नकाशावरून उचलून गावावर लावले की त्यातून उपाय चुकीचे निघतात. गावातली माणसे हाच ताण असेल, तर त्यांना रानापासून दूर ठेवणे हा उपाय ठरतो. कवळ तोडणाऱ्या बाईला दंड होतो आणि उक्त्या सौद्याचा ट्रक निघून जातो.

पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये अहवाल दिला, त्यात निर्णयाची सुरुवात ग्रामसभेपासून व्हावी असा आग्रह होता. सावंतवाडी-दोडामार्गातल्या गावांनी आपण होऊन संवेदनशील क्षेत्राची मागणी केल्याचे त्यात नोंदले आहे. पुढे मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या पट्ट्यातली २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याचा आदेश दिला. अहवालाच्या दिशेविषयी मला आदर आहे, पण सिंधुदुर्गापुरती एक उणीव दिसते. ग्रामसभेत बसतो तो गावचा मतदार. डोंगराच्या सातबारावर आहे तो बहुधा मुंबईचा मतदार. रानाची गरज असणाऱ्यांच्या हाती ठराव आहे आणि विक्रीची सही दुसऱ्यांच्या हाती. ठरावाने सही अडत नाही. वस्तीचा आणि मालकीचा असा फारकतीचा विचार ना त्या अहवालात पुरेसा आहे, ना त्याला विरोध करणाऱ्यांच्या भाषणांत.

मोजायचे काय

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. सिंधुदुर्गात रानाचे भवितव्य माणसांच्या संख्येवरून कळत नाही. रान उभे असण्याची ज्याला रोज गरज आहे तो माणूस गावात आहे का, आणि रानावर त्याचा काही अधिकार आहे का, यावरून ते कळते. आपल्याकडे पहिला माणूस निघून गेला आणि अधिकार त्याच्याबरोबर मुंबईला गेला. मागे राहिलेले रान दोन पिढ्या कोणी न विचारता वाढले, आणि त्याला भाव आला तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारे फार थोडे उरले होते.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता २०२७ ची जाहीर झाली आहे. तिच्यात सिंधुदुर्गाची लोकसंख्या आणखी घटलेली दिसली तर मला नवल वाटणार नाही. त्या आकड्यावरून निसर्गाला मोकळीक मिळाली असे कोणी लिहू नये. त्याऐवजी गावागावात तीन साध्या नोंदी व्हाव्यात: डोंगराच्या गटांवर खातेदार किती आणि त्यातले गावात राहणारे किती, गेल्या वीस वर्षांत त्यांपैकी किती गटांचे खरेदीखत झाले, आणि त्या डोंगराखालच्या विहिरी व झरे कोणत्या महिन्यापर्यंत टिकतात. पहिल्या दोन नोंदी तलाठ्याच्या आणि दुय्यम निबंधकाच्या दप्तरात आजही पडून आहेत. तिसरीसाठी गावातल्या कोणाही म्हाताऱ्या बाईला विचारले तरी चालेल. तिने पाणी भरले आहे.

या तीन रकाने भरलेला एखाद्या गावाचा कागद हाती आला, तर हिस्सेदारांकडून रान भाड्याने राखण्याचा, सामाईक गटांची वाटणी करण्याचा, किंवा झाड वाढवणाऱ्याला शिक्क्याच्या भीतीऐवजी काही मोबदला देण्याचा विचार निदान सुरू करता येईल. सगळा दोष लोकसंख्येवर टाकला की यातले काहीच करावे लागत नाही. ते वाक्य इतके दिवस टिकले, त्याचे एक कारण हेही असावे.